पनचक्की

(पाणचक्की). पाण्याच्या जोराने फिरणारे धान्य दळण्याचे जाते, तसेच असे जाते बसवलेली इमारत. महाराष्ट्रात पनचक्की म्हटले की छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे खाम नदीकाठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात असलेली चक्कीच डोळ्यांपुढे येते. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने तिचे वर्णन केले आहे.

तत्त्व व रचना : पनचक्क्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. उभ्या चाकाच्या चक्कीत चाकाची फिरकी दातेरी चक्रांमार्फत आडव्या जात्याला द्यावी लागते. आडव्या चाकाच्या चक्कीत ही यातायात नाही. खालच्या खोलीत पात्यांचे आडवे चाक असते, त्याच्या मधोमध उभा दांडा असतो आणि तो जात्याच्या खालच्या तळीच्या भोकातून वर येऊन वरच्या तळीला थेट फिरवतो. चाक एकदा फिरले की वरची तळीही एकदाच फिरते. सुटे भाग कमी असल्यामुळे गावातल्या सुतार-पाथरवटाला ती दुरुस्त करता येते. भारतातील बहुतेक जुन्या पनचक्क्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

घरच्या जात्यावर बाई एका हाताने खुंटा ओढते आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालते. पनचक्कीत ही वैरण घालायला माणूस बसत नाही. जात्यावर धान्याची निमुळती पेटी टांगलेली असते. तिला बांधलेली एक काठी फिरत्या तळीच्या खडबडीत पाठीवर टेकवतात. तळी फिरली की काठी उडते, पेटी हलते आणि दाणे जात्याच्या तोंडात पडतात. पाण्याचा जोर वाढला की दाणे भराभर पडतात, तो ओसरला की पडणेही मंदावते. पीठ जाड हवे की बारीक, हे खालच्या आधाराची तुळई किंचित उचलून किंवा उतरवून ठरवतात. दळून दळून तळ्या गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावून पुन्हा खडबडीत करावे लागते. टाकी न लावलेल्या जात्यात दाणा भरडला जातो, पण त्याचे पीठ होत नाही.

शक्तीचा हिशेब सरळ आहे. सेकंदाला 20 लिटर पाणी 5 मीटर उंचीवरून पडले, तर सैद्धांतिक शक्ती सुमारे 1 किलोवॅट भरते. जुन्या लाकडी किंवा लोखंडी पात्यांच्या चाकाला यातला काही भागच वापरता येतो. तरीही ते दिवसरात्र न थकता चालते, आणि शेकडो माणसांच्या भाकरीची सोय लावायची असेल तेव्हा हीच गोष्ट मोलाची ठरते.

प्रसार : इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस याने उभ्या चाकाच्या चक्कीचे वर्णन केले आहे. फ्रान्समधील बार्बेगाल येथे एकाच उतारावर 16 चाके होती. इंग्लंडमध्ये 1086 च्या महसूल पाहणीत पाच हजारांहून अधिक चक्क्या नोंदल्या गेल्या. उत्तराखंड व हिमाचल प्रदेशात घराट आणि लडाखमध्ये रांतक या नावाने आडव्या चाकाच्या चक्क्या आढळतात.

संभाजीनगरची पनचक्की : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे नगर वसवले आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडील डोंगरांच्या पोटातले पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही पद्धत पुढे रुळली आणि त्यानंतर आणखी नहरी निघाल्या. पनचक्कीची नहर त्यांपैकी एक होय. 1653 च्या सुमारास औरंगजेबाच्या सुभेदारीत खडकीचे औरंगाबाद झाले. नहरींची ही परंपरा आधीपासूनची असल्याने चक्की उभी राहिली त्या वेळी गावाला नहरीचे तंत्र चांगलेच परिचयाचे होते.

बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी परंपरेचे सूफी. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश (मृत्यू 1699) मध्य आशियातील बुखारा परिसरातून दख्खनेत आले. मुघल सेनानी गाजीउद्दीन फिरोजजंगाच्या लष्करातील तुराणी (मध्य आशियाई) सैनिकांमध्ये त्यांचा मोठा वावर होता. या दोघांविषयीच्या आठवणी ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ या फार्सी ग्रंथात आहेत. सायमन डिग्बी यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. शाह मुसाफिरांच्या तकियात (फकिरांच्या मठात) मशीद, मदरसा, सराई आणि मुदपाकखाना होता. फकीर, विद्यार्थी, वाटसरू आणि सैनिक यांच्या पंगतीसाठी रोज पीठ लागे. दर्ग्याच्या आवारात चक्की असण्याचे कारण हेच आहे.

बांधकामाच्या काळाबाबत एकवाक्यता नाही. काही नोंदी 1695 हे वर्ष देतात, तर काही 1744. नहर आणण्याचे श्रेय तुर्कताज खान या सरदाराला, तर मशिदीपुढील हौद व कारंज्यांचे श्रेय जमील बेग खान याला दिले जाते. नहर, चक्की आणि हौद ही कामे टप्प्याटप्प्याने झाली असे मानल्यास हा घोळ बराचसा सुटतो.

नहर : पर्यटक चक्की पाहून परततात, पण या वास्तूचे खरे मर्म नहरीत आहे. हर्सूल-जटवाडा बाजूच्या उंच भागात जमिनीत मुरलेले पाणी गोळा करून ते भूमिगत मार्गाने, पक्क्या भाजलेल्या मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणले जाते. वाटेत ठिकठिकाणी तपासणीसाठी व हवा बाहेर पडण्यासाठी उसासे आणि चिरेबंदी मनोरे आहेत. बंद नळात हवा कोंडली की प्रवाह अडतो. उघड्या मनोऱ्यात पाणी आपल्या पातळीपर्यंत चढते, हवा निघून जाते, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढच्या नळात उतरते. नळातला दाबही त्यामुळे आटोक्यात राहतो, आणि मातीचा नळ फुटू नये म्हणून ते आवश्यकच होते.

पनचक्कीपाशी हे पाणी एका उंच भिंतीत चढते आणि तिच्या माथ्यावरून धबधब्यासारखे हौदात कोसळते. पाणी आपोआप वर कसे चढते, असे पाहणाऱ्याला वाटते. नहरीचे मूळ भिंतीच्या माथ्याहून उंचावर आहे, म्हणून बंद नळातले पाणी ती पातळी गाठू पाहते. यात याहून निराळे रहस्य नाही. ते घडवून आणण्यासाठी कित्येक किलोमीटर लांबीच्या वाटेवर जमिनीखाली उतार राखावा लागला. मोजणीत थोडी चूक झाली असती, तर भिंतीवरून थेंबही पडला नसता. या कामाचा मान चक्कीच्या चाकापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि ते करणाऱ्या कारागिरांपैकी एकाचेही नाव नोंदलेले नाही.

हौद लांबट असून त्याचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. डोक्यावर पाण्याचा थर असल्याने हे दालन उन्हाळ्यात गार राहते. 1884 च्या औरंगाबाद गॅझेटियरमध्ये या परिसराचे वर्णन आहे.

इतर पाहण्याजोगे : मशीद, शाह मुसाफिरांची कबर, जुना वड, जवळच खामवरील पूल व महमूद दरवाजा.

महाराष्ट्रात इतरत्र : पनचक्की येथे फारशी रुजली नाही. येथील बहुतेक ओढे-नद्या पावसाळी. उन्हाळ्यात चाक बंद पडणार. शिवाय ज्वारी-बाजरीचे पीठ टिकत नाही. बाजरीचे तर चार दिवसांत कडवट होते. त्यामुळे रोजचे दळण रोज पहाटे घरी करण्याची चाल पडली आणि त्याचा सारा भार बायकांच्या खांद्यांवर आला. जात्यावरच्या ओव्या याच कष्टातून आल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत.

अहेरी व झाडीपट्टी : पूर्व विदर्भातील या भागाचे मुख्य पीक धान. तांदळाला आधी कांडावे लागते, दळणे नंतरचे. म्हणून घरोघरी उखळ-मुसळ महत्त्वाचे. चीन व जपानमध्ये धान कांडण्यासाठी पाण्यावर चालणारी मुसळे वापरली गेली. अहेरीला प्राणहितेसारखी मोठी नदी लाभली आहे, पण तिच्या पाण्याकडे यंत्रशक्ती म्हणून पाहिले गेले नाही. पूर्व विदर्भातील जलकौशल्य तलाव आणि बोड्या (लहान तळी) बांधण्यात खर्ची पडले. पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले हे साठे धानाला शेवटचे पाणी देत, आणि तेथील पोटापाण्याच्या दृष्टीने ते चक्कीपेक्षा मोलाचे होते. प्राणहितेच्या पाण्याचा विचार झाला तो वाहतुकीसाठी : एकोणिसाव्या शतकात गोदावरी-प्राणहिता मार्गावर नौकानयनाची योजना सरकारने हाती घेतली होती. तिच्यातील तिसरा खडकाळ अडथळा अहेरीजवळ देवलमरी येथे होता. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला ती योजना सोडून देण्यात आली. कांडण-दळणापुरते पाहिल्यास, 1934 मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हातसडीच्या तांदळाचा व जात्यावरच्या पिठाचा पुरस्कार केला. पुढे भात गिरण्या आणि पीठगिरण्या गावोगावी आल्या.

सद्यस्थिती : पनचक्कीचा परिसर वक्फची मालमत्ता असून राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालयही तेथेच आहे. आवार पाहण्यासाठी खुले असते. पाणी भरपूर हवे असेल तर पावसाळ्यानंतरचे महिने चांगले. दळणाचे काम केव्हाच थांबले असून चक्की आता पाहण्यापुरती फिरते. शहर वाढले तशी नहरींवर घरे, रस्ते आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आल्या. अनेक ठिकाणी नळ फुटले, उसासे बुजले. चक्की, हौद आणि मशीद यांची देखभाल होते, पण जमिनीखालची वाट दिसत नसल्याने ती दुर्लक्षित राहते. मूळ स्रोतापासून हौदापर्यंतची संपूर्ण नहर नकाशावर आखून विकास आराखड्यात संरक्षित पट्टा म्हणून दाखवली जावी आणि तिच्यावरील खोदकामास बंदी असावी. नहर तुटली तर चक्कीला पंपाने पाणी द्यावे लागेल, आणि मग तिला पनचक्की म्हणण्यात अर्थ राहणार नाही.