पोऱ्याचा नंदी आणि उशिरा चालणारं मूल

भनपुरी ही रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्याकडेची कारखान्यांची वस्ती. पण पोळ्याची अमावास्या जवळ आली की छत्तीसगडातल्या इतर बाजारांसारखीच इथेही मातीची चाकं दिसू लागतात. मराठी पंचांगात ही श्रावणाची अमावास्या, तिथल्या पंचांगात भादोंची. दिवस मात्र एकच: आपला पोळा, त्यांचा पोरा. त्या दिवशी मुलग्याला ‘नंदिया बइला’ मिळतो, म्हणजे चाकांवर उभा, दोरीने ओढायचा मातीचा बैल. मुलीला मिळतं ‘जांता-पोरा’: हाताने फिरवायचं इवलंसं जातं, चूल आणि चुकिया, म्हणजे छोटी भांडी. ठेठरी-खुरमी या घरच्या पदार्थांचा नैवेद्य दाखवून आधी या खेळण्यांची पूजा होते आणि मग ती मुलांच्या हाती पडतात.

मराठी माणसाला यात अनोळखी असं काही नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंत कोल्हटकरांची फौज छत्तीसगडातल्या रतनपूरवर आली, १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथून कारभार पाहू लागले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं तेव्हा छत्तीसगडही त्यात गेलं. त्याच नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला असं नागपूरकर सांगतात. पोरं लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, गोळा करतात. नागपूरकडे लाकूड, रायपूरकडे माती; चाकं आणि दोरी दोन्हीकडे. मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या तर हडप्पा संस्कृतीच्या गावांतही सापडल्या आहेत.

अशा सणात एखाद्या घरी दोन वर्षांचं मूल अजून धरूनच उभं राहत असेल, शब्द फुटला नसेल, तर आजी-आजोबा, मामा-मावशी गोंधळतात. त्याला काय द्यायचं? वयाप्रमाणे आणलेलं खेळणं त्याला जमत नाही. बाळाचा खुळखुळा द्यावा तर आईला वाईट वाटतं. मग दुकानदाराकडे ‘स्पेशल’ खेळण्याची चौकशी होते.

‘स्पेशल’ आणि साधं खेळणं यांतली ही भिंत इतिहासात मात्र फारशी टिकत नाही. १९०० च्या सुमारास रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी ज्या मुलांबरोबर काम करत होत्या, त्यांना समाजाने मंद ठरवून बाजूला काढलं होतं. त्यांच्यासाठी त्यांनी फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांच्या साधनांचा आधार घेतला. हाताळायच्या, जुळवायच्या, खाचेत बसवायच्या त्या वस्तू होत्या. १९०७ मध्ये सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडलं, तेव्हा त्याच साधनांतून घडलेलं साहित्य इतर मुलांच्या हाती आलं. आज श्रीमंत शाळांत दिसणाऱ्या लाकडी ठोकळ्यांचं मूळ असं मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात आहे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी या विचाराला देशी अंग दिलं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडला गेलं. महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, माती आली. मुंबईत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका जोडप्याने आपल्या मुलीच्या गरजेतून सुरू केली. रायपुरात १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ समता कॉलनीत दिव्यांग बालिकांसाठी विकास गृह चालवतं.

या नजरेने पोऱ्याच्या बाजाराकडे पाहिलं तर निवड सोपी होते. ओढायचा बैल मुलाला कारण आणि परिणाम दाखवतो: दोरी खेचली की नंदी येतो. हे बसल्या बसल्याही जमतं. मूठ नीट वळत नसेल तर दोरीच्या टोकाला मोठी लाकडी कडी बांधावी. जातं फिरवताना मनगट वळतं, दाणे टाकताना चिमूट तयार होते. चुकियांत खोटं खोटं वरण शिजतं, तेव्हा आईला बोलायला आणि मुलाला ऐकायला निमित्त मिळतं. म्हणून ‘बैल मुलाला, जातं मुलीला’ ही वाटणी इथे बाजूला ठेवावी. पावलं टाकू पाहणाऱ्या मुलाला जुना पांगुळगाडाही चालतो. तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं आणि मोठं माणूस शेजारी असतं. आत बसवून ठेवायचा गोल वॉकर त्याहून वेगळा आणि धोक्याचा. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

वयापेक्षा मूल आज काय करतं ते पाहावं आणि त्याच्या एक पाऊल पुढचं खेळणं आणावं. एका वेळी एकच द्यावं.

जपायचं तेही आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून मातीच्या किंवा लाकडाच्या खेळण्याची पारख घरच्यांनीच करायची. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला रंग न दिलेला बैल बरा. माती फुटते, त्यामुळे खेळताना जवळ बसावं. सुटी चाकं, मणी, गळ्याभोवती गुंडाळली जाईल इतकी लांब दोरी नको.

खेळणं उपचाराची जागा घेत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातल्या विलंबाचीही तपासणी होते आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. दीड वर्षाचं मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर पुढच्या पोळ्याची वाट न पाहता अंगणवाडी ताईंना विचारून त्याला अशा केंद्रात न्यावं.