गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

गाडीतल्या सबवूफरच्या ॲम्प्लिफायरवर ‘गेन’ लिहिलेला एक लहानसा नॉब असतो. आपल्यापैकी बरेच जण तो आवाज वाढवायचा नॉब समजून पूर्ण फिरवतात. पण तो तिथे आला कसा, हे पाहिलं की त्याचं काम वेगळंच असल्याचं कळतं.

1930 मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी ‘मोटोरोला’ हा गाडीतला रेडिओ बाजारात आणला. त्यात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकमेकांसाठीच बनवलेले, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच नव्हता. पुढे 1933 मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आपला कान खर्जाला मंद आहे. म्हणजे खर्ज जाणवायचा तर ताकद जास्त हवी. आणि गाडीची बॅटरी तर 12 व्होल्टची! थेट तिच्यावर चालणारं सर्किट 4 ओहमच्या स्पीकरला जेमतेम वीस-पंचवीस वॉट देतं. म्हणून आतल्या आत व्होल्टेज चढवून घेणारे स्वतंत्र ॲम्प्लिफायर आले.

आता स्टिरिओ एका कंपनीचा, ॲम्प्लिफायर दुसऱ्या. एखादा स्टिरिओ अर्धा व्होल्ट देतो, एखादा चार. हा फरक मिटवायला गेन आला. तबलजी मैफलीआधी हातोडीने तबला लावतो, तो गायकाच्या पट्टीशी जुळवायला, जोरात वाजवायला नव्हे. गेनचंही तसंच आहे.

तो जास्त फिरवला तर काय होतं? ॲम्प्लिफायरची मर्यादा संपते आणि लहरीचे माथे छाटले जातात. लहर पूर्ण चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या गोलाकार लहरीपेक्षा दुप्पट ताकद कॉइलमध्ये जाते. कॉइल तापते, जळते.

मग लावायचं कसं? बास बूस्ट बंद ठेवा, लो-पास 80 हर्ट्झच्या आसपास. सबवूफरच्या तारा काढा, 50 हर्ट्झचा सूर लावा, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत नेऊन आउटपुटवर मल्टिमीटर धरा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट आले की थांबा. 4 ओहमवर 400 वॉटसाठी 40 व्होल्ट. तारा जोडा, आणि त्यानंतर आवाज कमी-जास्त करायचा तो स्टिरिओवरूनच.