वारीच्या वाटेवरचे पाणी : नितळ म्हणजे निर्धोक नव्हे

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते. बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असे करत ती सराटीला नीरेवर पोहोचते आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात शिरते. त्या दिवसांत आमच्या भागात लाखो माणसे उघड्या माळावर, राहुटीत, ट्रकखालच्या ताडपत्रीवर किंवा शाळेच्या ओसरीवर झोपतात. आजची तरुण मुले गडावर तंबू ठोकून राहतात आणि त्याला 'कॅम्पिंग' म्हणतात. आपल्याकडे हे काम शेकडो वर्षे चालू आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामाला एक प्रश्न पडत आला आहे : इथले पाणी प्यावे का?

या प्रश्नाचा इतिहास तुम्हाला सांगतो. तो कळला की पाण्यात औषध का टाकायचे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

निवळीचे बी आणि नदीतला झिरा

आषाढात कऱ्हेचे, नीरेचे पाणी गढूळ असते. ते स्वच्छ करण्याच्या युक्त्या आपल्याकडे फार जुन्या आहेत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत आणि त्यांत 'कतक' म्हणजे आपले निवळीचे बी आहे, वस्त्रही आहे. पाणी उकळणे, उन्हात तापवणे, तापलेला लोखंडाचा गोळा पाण्यात बुडवणे, हेही त्यात सांगितले आहे. तुरटी फिरवणे तर तुमच्या आजीलाही ठाऊक होते.

मेंढरे घेऊन फिरणारे धनगर आणि वाटेचे वारकरी आणखी एक गोष्ट करत. नदीच्या पात्रात वाळू उकरून झिरा खणायचा आणि त्यात पाझरून आलेले पाणी भरून घ्यायचे. वाळूतून पाणी गाळण्याचे हेच तत्त्व वापरून जेम्स सिम्पसन याने १८२९ साली लंडनमध्ये मोठी गाळणी उभारली. वाळूत गाळ तर अडतोच, शिवाय बरेचसे जंतूही अडतात. आज झिरा खणायला पात्रात वाळूच उरली नाही, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्या उपायांमागे एक समजूत होती : जे नितळ दिसते आणि गोड लागते, ते चांगले. ही समजूत अर्धीच खरी होती. बाकीचा अर्धा धडा पटकीने शिकवला.

छावणीतली पटकी

पटकी म्हणजे कॉलरा. १८१७ साली बंगालमधल्या जेसोरहून ही साथ पसरू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेचा तळ पडला होता. ही फौज पेंढारी आणि मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेवर निघालेली होती. काही दिवसांत छावणीत माणसे पटापट मरू लागली. शेवटी हेस्टिंग्जने तळच उचलला, फौज बेतवा नदीच्या काठी नेली आणि साथ ओसरली. जागा बदलली तसे पाणीही बदलले होते, पण त्या वेळी कोणाच्या ते ध्यानात आले नाही. दोष हवेला दिला गेला.

१८१८ मध्ये पटकी दख्खनमध्ये आली. इथे लोकांनी मरीआईला साकडे घातले. डॉक्टर 'दूषित हवा' म्हणत होते. दोघांनाही कारण माहीत नव्हते. मग जत्रा-यात्रांवर ठपका आला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तिथेही हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले गेले. गर्दीत रोग पसरतो हे खरेच होते, पण तो गर्दीमुळे नव्हे, तर गर्दीच्या विष्ठेने बाटलेल्या पाण्यामुळे पसरत होता.

हे जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरने १८५४ मध्ये दाखवून दिले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाचे पाणी पिणारे लोक मरत होते. जे त्याचे पाणी पीत नव्हते, ते बहुतांशी वाचले. लक्षात ठेवा, त्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून प्रसिद्ध होते. लांबून लोक ते मुद्दाम नेत. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीच्या जंतूचे संशोधन पूर्ण केले. ज्या तळ्याचे पाणी लोक पीत होते, त्या तळ्यातही हा जंतू सापडला. नितळ पाण्यातही मरण असू शकते, हे आता सिद्ध झाले होते.

लाल औषध, मग क्लोरीन

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅनकिनने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. जुन्या माणसांना विहिरीतले ते 'लाल औषध' आठवत असेल. पण त्याने पाण्याला रंग येतो, चव येते आणि त्याचा भरवसाही कमी.

१९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात हे तंत्र छावण्यांत पोहोचले. अमेरिकी फौजेत कॅनव्हासच्या टांगत्या पिशवीत पाणी भरून त्यात क्लोरीनची पूड मिसळत. १९१७ मध्ये डेकिन आणि डनहॅम यांनी हॅलाझोनची गोळी आणली आणि प्रत्येक शिपायाला आपापल्या बाटलीतले पाणी निर्जंतुक करता येऊ लागले.

पण शिपाई ते पाणी पिईनात! वास येतो म्हणून ओतून देत आणि जवळच्या ओढ्याचे पीत. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाला दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या जात. पहिली जंतू मारणारी. दुसरी थायोसल्फेटची, पहिलीचे काम संपल्यावर चव घालवणारी. ही दुसरी गोळी मला फार शहाणपणाची वाटते. जे पाणी माणूस पीतच नाही, ते कितीही शुद्ध असून काय उपयोग?

आपल्या विहिरींसाठीचा उपाय नागपूरच्या 'नीरी' संस्थेने दिला. एका मडक्यात दुसरे मडके, आतल्यात ब्लीचिंग पावडर आणि जाड वाळू, दोन्हींना छोटी भोके, आणि ही जोडी विहिरीत सोडायची. साधारण ४,५०० लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीला एकदा भरलेली मडकी दोन-तीन आठवडे पुरतात. आज ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करतो. पाणी पिवळे झाले म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक आहे. नितळ पाणी असेल, तर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर पुरते.

तुम्ही काय करायचे?

शिपायांचे जे झाले, तेच आजही होते. 'टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो' म्हणून लोक शेतातल्या विहिरीवर जातात आणि दोन दिवसांनी जुलाबाने हैराण होऊन दवाखान्यात येतात. म्हणून वारीत असा किंवा ट्रेकला, हा क्रम पाळा :

१. आधी निवळा. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकले तर ते मातीशी आणि कचऱ्याशीच खर्ची पडते, जंतूंसाठी उरत नाही. तुरटी फिरवा, पाणी स्थिर होऊ द्या, वरचे अलगद ओतून घ्या.

२. मग वस्त्रगाळ करा. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या घ्या. बांगलादेशात असे पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांना चिकटून राहतात, ते किडे कापडात अडकतात. पण नुसते गाळणे पुरेसे नाही.

३. मग जंतू मारा. खळखळ उकळी एक मिनिट पुरे. अगदी कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवरसुद्धा एवढे पुरते. सरपण नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा द्रव क्लोरीन वापरा. प्रमाण वेष्टनावर दिलेले पाळा आणि अर्धा तास थांबा.

४. चव शेवटी. लिंबू, आवळा, सरबत जे काही घालायचे ते अर्ध्या तासानंतरच, कारण 'क' जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करते. वास नको असेल तर पाणी दोन स्वच्छ भांड्यांत वरून खाली चार-पाच वेळा ओता. उकळलेले पाणी सपक लागते ते त्यातली हवा निघून गेल्यामुळे, त्यालाही हाच उपाय.

५. भांडे झाका आणि ओगराळ्याने पाणी काढा. हात बुडवलात की सगळी मेहनत वाया.

क्लोरीनलाही मर्यादा आहेत. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी त्याला दाद देत नाहीत, तिथे उकळणेच खरे. उलट शेतातली कीटकनाशके, कारखान्याचे सांडपाणी, हिरवा तवंग यांतले विष उकळून जात नाही. उजनीच्या फुगवट्यावर तंबू ठोकलात, तर प्यायचे पाणी घरून न्या.

आणि एवढे करूनही भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब सुरू झाले, तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्या, तेही शुद्ध केलेल्या पाण्यातच. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, माणूस गुंगीत गेला, तर पुढचा मुक्काम गाठायची वाट पाहू नका. सर्वांत जवळच्या दवाखान्यात न्या. पटकीत शरीरातले पाणी काही तासांत संपते, आणि वेळेवर ते भरून काढले तर बहुतेक सगळे रुग्ण वाचतात.