उभी गाडी आणि रबराचे वय

मंडळी, गाडी चालली नाही म्हणजे टायर झिजला नाही, असे आपण धरून चालतो. झिजत नसेलही, पण म्हातारा होतोच.

पूर्वीचे रबर मोठे लहरी. उन्हाळ्यात पाघळायचे, थंडीत लाकूड व्हायचे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने त्यात गंधक मिसळून ते तापवले, तेव्हा कुठे ताळ्यावर आले. बिचारा १८६० साली कर्जातच वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली भलत्यांनीच काढली! मधे १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली.

पण गंधकाने रबर अमर झाले नाही. हवेतला ओझोन वायू ताणलेल्या रबराला बारीक चिरा पाडतो, ऊन त्याला हातभार लावते. म्हणून कारखानदार रबरात मेण घालतात. ते वर येऊन पातळ कवच धरते. काही लोक चकाकी यावी म्हणून टायर डिझेलने पुसतात. अहो, ते कवच जाते आणि रबरही फुगते!

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मलायाचे रबर जपानच्या हाती गेले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये खाजगी मोटारींना मिळणारे नेहमीचे पेट्रोल बंद झाले. नवा टायर मिळणे मुश्किल, तेव्हा लोकांनी मोटारी ठोकळ्यांवर चढवून चाके अधांतरी ठेवली. कारण एकाच जागी भार बसला की टायर तिथे चपटतो. हवा उतरली की बाजू दुमडते, आणि दुमडीत चीर पडते.

तुमची मोटारसायकल महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर हीच युक्ती करा. मेन स्टँडवर घ्या, इंजिनाखाली भक्कम टेकू देऊन पुढचे चाकही उचला. ते जमत नसेल तर हवा पुरी भरा, दर पंधरवड्याला गाडी थोडी पुढे-मागे सरकवा. जागा सावलीची, कोरडी हवी. पाण्याची विजेची मोटार किंवा वेल्डिंगचे यंत्र शेजारी नको. त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन होतो.

गाडी परत काढताना टायरच्या बाजूला छापलेले चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी कडेला वाकून नीट बघा. चिरा असतील तर तो टायर रस्त्यावर नेऊ नका.