रिस्पाची राखण

बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात रिस्पा दोनदाच येते आणि दोन्ही वेळा एक शब्दही बोलत नाही. अय्याची कन्या, शौल राजाची उपपत्नी, एवढीच तिची ओळख. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’नंतर महाकाव्यातल्या माणसांना माणूस म्हणून प्रश्न विचारण्याची सवय मराठी वाचकाला झाली आहे. त्याच सवयीने मी दाविदाच्या काळातला दुष्काळ रिस्पाच्या जागेवरून वाचून पाहिला.

पहिल्यांदा ती येते तिसऱ्या अध्यायात. गिलबोवाच्या लढाईत शौल मेला आहे. गादीवर आलेला त्याचा मुलगा ईश-बोशेथ सेनापती अबनेरावर आरोप करतो, की तू माझ्या बापाच्या उपपत्नीकडे गेलास. मृत राजाच्या स्त्रीवर हक्क सांगणे म्हणजे गादीवर हक्क सांगणे, असा त्या काळचा अर्थ. अबनेर चिडून दाविदाला जाऊन मिळतो. आरोप खरा होता का, तिच्यावर जबरदस्ती झाली का, हे कोणी विचारत नाही. एका राज्याचे पारडे तिच्या नावावरून फिरते आणि ती कथेतून नाहीशी होते.

पुन्हा दिसते ती एकविसाव्या अध्यायात. सलग ३ वर्षे दुष्काळ पडला आहे. दाविदाने कौल मागितला, तेव्हा उत्तर मिळते, की शौलाने गिबोनी लोकांची कत्तल केली, तिचे हे फळ. यहोशवाच्या काळी त्यांना अभयाची शपथ दिलेली होती. मात्र शौलाच्या कारकिर्दीच्या वर्णनात ही कत्तल कुठेच नाही. गिबोनी सोने-रुपे नाकारतात आणि शौलाचे ७ वंशज मागतात. निवड दावीद करतो. योनाथानाच्या मुलाला तो शपथेखातर वगळतो आणि रिस्पाचे २ मुलगे व शौलाच्या मुलीचे ५ मुलगे देतो. ही मुलगी कोण, यावरही घोळ आहे. बहुतेक हिब्रू हस्तलिखितांत मीखलचे नाव येते. पण मीखल मरेपर्यंत निपुत्रिक होती, असे हाच ग्रंथ सांगतो. म्हणून अभ्यासक तिथे मेरब वाचतात. मुले गेली आणि आईचे नावही धड उरले नाही.

या निवडीमुळे जुन्या राजघराण्याचे ७ संभाव्य वारस संपले. ही शंका आधुनिक अभ्यासकांचीच आहे असे नाही. शौलाच्या कुळातला शिमी दाविदावर दगड फेकताना त्याला रक्तपाती म्हणतो, तोही याच ग्रंथात.

सातही जणांना सातूच्या कापणीच्या सुरुवातीला मारून डोंगरावर टांगले. टांगलेले प्रेत रात्रभर ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, अशी अनुवादाच्या ग्रंथात आज्ञा आहे. इथे ती पाळली गेली नाही. रिस्पाने खडकावर गोणताट पसरले आणि आकाशातून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरे आणि रात्री श्वापदे हाकलली. तिथे सातू एप्रिलच्या सुमारास कापतात आणि नेहमीचा पाऊस ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो. तोच हा पाऊस असेल, तर हे सुमारे ६ महिने झाले. मी तिथे तिची कल्पना करतो, तेव्हा मला खाली चाललेली कामे दिसतात. सातूनंतर गहू, मग द्राक्षे, अंजीर, शेवटी जैतून. गाव आपल्या कामात आहे आणि वर एक बाई झोपेशी झगडते आहे. तिची मुले दोन, पण राखते ती सातांनाही.

ही बातमी दाविदाच्या कानी जाते. तेव्हा कुठे तो याबेश-गिलादहून शौल आणि योनाथान यांची हाडे आणवतो. टांगलेल्यांचीही हाडे गोळा होतात. शौल आणि योनाथान यांना बन्यामीनाच्या प्रदेशात, कीशाच्या थडग्यात मूठमाती मिळते.

त्यापुढचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली, असे ग्रंथकार लिहितो. हे वाक्य त्याने सातांच्या वधानंतर घातलेले नाही, दफनानंतर घातले आहे. राजाने दुष्काळावर शोधलेला उपाय नरबळीचा होता. पण ग्रंथाचा क्रम पाहिला, तर देश सावरला तो मृतांना त्यांचा मान मिळाल्यावर. तो मान द्यायला राजाला भाग पाडले रिस्पाने, आणि त्यासाठी तिच्याजवळ एक गोणताट होते.