पन्नास सीसीची फट: सोळाव्या वर्षीच्या परवान्याचा इतिहास

‘सोळा पूर्ण झाली की स्कूटरचे लायसन्स मिळते’ हे वाक्य आपण सर्वांनी घरी ऐकलेले आहे. ते खोटे नाही. पण खरेही उरलेले नाही. कारण कायद्यातला एक शब्दबदल. आजचा थ्रेड त्याविषयी.

प्रथम ब्रिटन. तेथील १९०३ च्या कायद्याने मोटारीसाठी किमान वय १७ ठरविले, मोटारसायकलसाठी अवघे १४. चाचणी नव्हतीच; पाच शिलिंग भरले की परवाना हाती. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात मात्र वयाची अट १८ होती. राज्यकर्त्यांच्या देशापेक्षा वसाहतीतला नियम कडक! अपात्र व्यक्तीच्या हाती वाहन न देण्याची जबाबदारीही याच अधिनियमाने मालकावर टाकली.

१९८८ च्या नव्या अधिनियमाने अठराची अट कायम ठेवली, परंतु एक अपवाद केला: ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ सोळाव्या वर्षापासून चालविता येईल. आता काळ आठवा. १९७२ पासून रस्त्यावर असलेली लूना ५० सीसीची. पण १९८४ ची कायनेटिक होंडा जवळपास १०० सीसीची आणि तिलाही गिअर नव्हते. म्हणजे शब्दशः पाहता तीही या अपवादात बसत होती. १९९४ च्या दुरुस्तीने ‘गिअर नसलेली’ हे शब्द काढून ‘५० सीसीपेक्षा अधिक क्षमता नसलेली’ अशी अट घातली. गंमत अशी, की पालकांच्या लेखी संमतीविषयीच्या कलम ७ मध्ये ‘गिअर नसलेली’ हे जुने शब्द तसेच राहून गेले. कायद्यातही जीवाश्म सापडतात ते असे.

पुढे बाजार बदलला. २००१ ची अ‍ॅक्टिव्हा शंभर सीसीच्या वर होती आणि घरोघरी तीच पोहोचली. लूनाच्या मापाने बेतलेला अपवाद पुस्तकात उरला, वाहने निघून गेली. मी अकरावीत आईच्या स्कूटरवरून क्लासला जात असे; कागदोपत्री तो गुन्हा होता आणि वाहन देणारी म्हणून आईही त्यात अडकू शकत होती, याची आम्हां दोघींनाही कल्पना नव्हती. तेव्हा त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड एवढी होती.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ याहून फार कठोर आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. माझ्या मते खरा ऐतिहासिक बदल दंडाच्या आकड्यात नाही, पुराव्याच्या भारात आहे. पालकाची संमती होती असे न्यायालय गृहीतच धरते. ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे पालकाने सिद्ध करायचे. मुलाकडे त्या वाहनाचा वैध परवाना, अगदी शिकाऊ परवाना असला, तरीही पालकाची सुटका.

आणि तो परवाना सोळाव्या वर्षी मिळणार कोणत्या वाहनाचा? पुन्हा ५० सीसीचाच. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटहून कमी शक्तीच्या विजेच्या स्कूटरला परवाना लागत नाही, कारण नियमांच्या दृष्टीने ती मोटार वाहनच नव्हे.