तीन संघ आणि खडकीचा खेळाडू

फ्रान्समध्ये कोणी नुसते 'हॉकी' म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बर्फ उभा राहतो. आपल्या परिचयाच्या खेळाला तेथे मुद्दाम 'हिरवळीवरील हॉकी' असे म्हणावे लागते. आल्प्स पर्वताच्या कुशीतील शामोनी हे जेमतेम काही हजार वस्तीचे गाव. तेथील बर्फावरील हॉकीचा क्लब १९१० साली स्थापन झाला. पहिले हिवाळी ऑलिंपिक १९२४ मध्ये याच गावी भरले आणि १९७९ पर्यंत या क्लबाने फ्रान्सचे राष्ट्रीय विजेतेपद तीस वेळा मिळविले. खेळ पुढे व्यावसायिक झाला, खेळाडूंना वेतन मिळू लागले, परदेशी खेळाडूही आले. तरी क्लब गावाचाच राहिला. गावातील मुले ज्या बर्फावर पहिले पाऊल टाकतात, त्याच बर्फावर मोठ्यांचे सामने होतात.

या फ्रान्सशी आपल्या मराठी मुलखाचा एक धागा जुळलेला आहे. तेथील ल्यों शहराच्या हिरवळीवरील हॉकी क्लबाकडून पुण्याजवळील खडकीचे धनराज पिल्ले खेळले. लंडन, श्टुटगार्ट, ढाका आणि मलेशिया येथील क्लबांनीही त्यांना आपल्याकडे बोलावले होते. १६ जुलै १९६८ रोजी त्यांचा जन्म झाला, तो तमिळ भाषक कुटुंबात. खडकी ही लष्करी छावणीची वस्ती. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. छावणीबरोबर नाना प्रांतांची कुटुंबे तेथे येऊन स्थिरावली. पिल्ले यांचे वडील मैदानाची देखभाल करीत. घरी नवी स्टिक घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मुले मोडक्या स्टिका दोरीने बांधून व सरसाने चिकटवून खेळत. त्या मैदानातून निघालेला हा मुलगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळला. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता.

पिल्ले यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द २००४ मध्ये संपली आणि २००५ च्या प्रारंभी भारतात 'प्रीमियर हॉकी लीग' सुरू झाली. प्रादेशिक नावे धारण करणारे वेतनभोगी खेळाडूंचे संघ, परदेशी खेळाडू, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण असा तो थाट होता. पस्तीस मिनिटांच्या दोन डावांऐवजी सामना चार भागांत विभागला होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने चार भागांची पद्धत पुढे २०१४ मध्ये स्वीकारली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रयोगाचे महत्त्व कळते. या लीगमधील 'मराठा वॉरियर्स' संघाकडून पिल्ले खेळले.

पहिल्या वर्षीचे सामने हैदराबादच्या गच्चीबावली मैदानावर झाले. म्हणजे निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद या आपल्या टापूतून हैदराबादेस जाणारा माणूस शहरात शिरण्यापूर्वीच मैदानाजवळ पोहोचावा, इतक्या सोयीच्या ठिकाणी. पण तेथे जाऊन टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? 'मराठा वॉरियर्स', 'हैदराबाद सुलतान्स' आणि 'बंगलोर हाय-फ्लायर्स' हे तिन्ही संघ त्या लीगमध्ये होते आणि तिघांनाही आपल्यावर हक्क सांगता आला असता. आपल्या घरांत मराठी बोलली जाते. वडीलधाऱ्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले आणि कचेरीच्या कामासाठी त्यांची पावले हैदराबादकडे वळत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले. आपण येथेच राहिलो. सातबारा, शाळा आणि न्यायालय यांची भाषा पुढे कन्नड झाली. एकाच घरातील आजोबा, वडील आणि नातू यांनी तीन निरनिराळ्या संघांची बाजू घेतली असती, तरी त्यांपैकी कोणालाही चूक ठरविता आले नसते.

पहिले विजेतेपद हैदराबादने मिळविले. पण लीग २००८ नंतर पुन्हा भरली नाही. त्याच वर्षी भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. १९२८ पासून असे प्रथमच घडले होते. त्यानंतर हॉकी महासंघातच उलथापालथ झाली. पुढे २०१२ मध्ये 'वर्ल्ड सिरीज हॉकी' निघाली. तिच्या अंतिम सामन्यात पुण्याचा संघ शेर-ए-पंजाबकडून हरला आणि तीही स्पर्धा एकाच हंगामात आटोपली. २०१३ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबईचा संघ होता. ती लीग २०१७ नंतर खंडित झाली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ नव्हता.

शामोनीचा क्लब शतकाहून अधिक काळ कसा टिकला, याचे उत्तर या हकिकतीत सापडते. 'मराठा' हे नाव संघाला आयोजकांनी दिले होते. त्या नावामागे कोणतेही गाव नव्हते, सभासद नव्हते, मुलांना शिकविण्याचे मैदान नव्हते. करार संपले आणि नावही संपले. खडकीच्या छावणीतील मैदानाने मात्र भाषा न विचारता एका तमिळ घरातील मुलाला खेळू दिले आणि तो मुलगा महाराष्ट्राचा म्हणून ओळखला गेला.

२०१२ च्या त्या स्पर्धेत वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी धनराज पिल्ले मैदानात उतरले, ते कोणाकडून, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. त्यांच्या अंगावर 'कर्नाटक लायन्स'चा पोशाख होता. सात वर्षांपूर्वी 'मराठा' नाव मिरविणारा हा खेळाडू त्या पोशाखातही खडकीचाच होता. घरी एक भाषा, बाहेर दुसरी आणि स्मरणात तिसरे शहर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या आपल्या कुटुंबांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावांतील शाळांची मोकळी मैदाने शाबूत राहिली, तर तेथे खेळणाऱ्या मुलांनाही ते कोणाचे, हा प्रश्न फारसा छळणार नाही.